सल्ला कुणी कुणाला द्यायचा

काल संध्याकाळी आमच्या ठाकुर्लीत धुराची गाडी पुन्हा आली. गल्लीच्या तोंडाशी घरघर ऐकू आली आणि पाठोपाठ तो पांढरा, डिझेलच्या वासाचा लोट दुसऱ्या मजल्यापर्यंत चढला. खालच्या घरातल्यांनी खिडक्या लावून घेतल्या. समोरच्या इमारतीतली एक नवी सून गॅलरीत उभी राहून व्हिडिओ काढत होती. मला बघून म्हणाली, "बरं झालं ना काकू, फवारणी सुरू झाली!" मी मान हलवली आणि आत आले. डेंग्यूचा डास दिवसाढवळ्या चावतो, तो घराच्या आडोशाला बसतो, रस्त्यावरच्या धुराचं त्याला फारसं काही वाटत नाही, हे सगळं गॅलरीतून ओरडून सांगितलं असतं तर मी भांडखोर म्हातारी ठरले असते. तशी मी ठरलेलीच आहे म्हणा.

भाद्रपद संपत आला की लोकांना पितरं आठवतात, घटस्थापना आठवते. मला ताप आठवतो. मधे काही वर्षं गेली, पण गणपती उठले आणि ऊन-पावसाचा तो चिकट खेळ सुरू झाला, की माझ्या डोक्यात काहीतरी पेटतं. मुलगा म्हणतो, "आई, आता सोड. या वयात एवढा राग बरा नाही." रागाला कुठलं वय बरं असतं, ते त्याला विचारायचं राहून गेलंय.

त्या वर्षी पाऊस परतायचं नावच घेत नव्हता. सकाळी चटका बसेल असं ऊन, दुपारी एक सर, संध्याकाळी वारा पूर्ण पडलेला. घराघरात कुणीतरी अंथरुणावर. हाडं कुटून काढल्यासारखी दुखतात, डोळ्यांच्या मागे कुणी अंगठा दाबून धरलाय असं वाटतं, असं लोक सांगायचे. आमच्या सोसायटीच्या कुंपणाशी एक पपईचं झाड होतं. पानांचा रस दिला की प्लेटलेट वाढतात असं कुणीतरी म्हणालं, आणि आठवड्याभरात त्या झाडाचा नुसता दांडा उरला. रस्त्यात भेटलेली माणसं एकमेकांना विचारायची, "किती आल्या?" शाळेत असताना माझ्या विद्यार्थ्यांचे पालक एकमेकांना मार्क विचारायचे, अगदी तशाच सुरात. मी तीस वर्षं डोंबिवलीच्या शाळेत विज्ञान शिकवलं. 'डासांपासून होणारे रोग' हा धडा मी इतक्यांदा शिकवला असेल, की झोपेतही म्हणून दाखवीन. धड्यात उत्तरं सोपी असायची.

अशातच विभाग कार्यालयातून आमच्या महिला मंडळाला निरोप आला. परिसरातल्या संस्थांचा एक 'आरोग्य सल्लागार गट' होणार, आपल्या मंडळाचा प्रतिनिधी पाठवावा. मी हुरळले. कबूल करायला काय हरकत आहे? निवृत्त झाल्यावर बाईमाणसाला सल्ला विचारतं कोण? मी इस्त्रीची साडी नेसून, चष्मा पुसून गेले.

तिथे वीस-पंचवीस माणसं होती. माझ्या एका बाजूला बसल्या होत्या संघमित्रा जाधव. रुळांपलीकडच्या चाळींमधल्या बुद्धविहाराच्या महिला समितीचं काम त्या बघायच्या आणि विमा कंपनीत नोकरी करायच्या. सगळे त्यांना मित्राताई म्हणत. दुसऱ्या बाजूला गावदेवी उत्सव मंडळाचे दशरथ भोईर. इमारतींच्या आधी इथे जे गाव होतं, त्या गावातले. भातशेती केलेला माणूस. बसल्या जागी खुर्चीसुद्धा अंगाला टोचतेय असा चेहरा. त्यांच्याबरोबर त्यांची धाकटी सून आली होती. तिने मला बघितलं आणि एकदम उभी राहिली.

"बाई! मी स्नेहल. सातवी ब. तुम्ही मला जिवंत बेडूक धरायला लावलेला!"

"धरलास का?"

"सोडून दिला ना! अख्खा वर्ग पळालेला."

ती तशीच होती. लांब वेणी, भुवया सतत वर, आवाज दाराबाहेर ऐकू जाईल असा. आता बालवाडीत शिकवत होती, आणि तिला स्वतःची छोटी मुलगी होती.

आरोग्य खात्याचे साहेब आले. बोलले छान. लोकसहभागाशिवाय काही होत नाही, आपण सगळे भागीदार आहोत, वगैरे. मग शिपायाने प्रत्येकापुढे पत्रकांचा एकेक गठ्ठा ठेवला. त्यावर एक हसरं कुटुंब कुंडीखालची ताटली रिकामी करत होतं. मित्राताईंनी पत्रक उलटून बघितलं. मागची बाजू कोरी होती.

"साहेब, एक विचारू? गटाचं नाव सल्लागार गट आहे. तर सल्ला आम्ही कुणाला द्यायचा? तुम्हाला, की लोकांना?"

साहेब मनापासून हसले. "लोकांना, मॅडम. आम्हाला सल्ला द्यायला वर पुष्कळ जण बसलेत."

सगळे हसले. मीही हसले असेन. घरी येईपर्यंत राग यायला लागला होता. आमची गल्ली आम्हाला माहीत. पाणी कुठे तुंबतं, कुठला नळ कधी येतो, कुणाच्या घरी कोण आजारी, हे आम्ही सांगू शकलो असतो. ते कुणाला नकोच होतं. त्यांना हव्या होत्या पत्रकं वाटणाऱ्या चपला.

तरी आम्ही वाटली. ताप समोर दिसत असताना रुसून बसणं परवडत नाही. मी, मित्राताई, भोईर आणि स्नेहल असा आमचा चौघांचा जथ्था आपोआपच जमला. नव्या टॉवरमधे दारं उघडायची नाहीत. पिपहोलमागे सावली हलायची आणि परत जायची. मग स्नेहल दाराला तोंड लावून ओरडायची, "काकू, काही विकायला नाही आलो हो! नुसता तुमचा फ्रिज बघायचाय, मागून!" आतून हसायचा आवाज यायचा आणि दार उघडायचं. फ्रिजच्या मागच्या ट्रेमधे अळ्या दाखवल्या की मोठमोठ्या हुद्द्यांची माणसं लहान मुलासारखी ओशाळायची.

चाळींमधे दारं उघडीच होती. तिथे वेगळीच गोष्ट झाली. एका घरात मी पत्रक वाचून दाखवलं, "आठवड्यातून एकदा पाण्याचे सर्व साठे रिकामे करून कोरडे ठेवा." घरातल्या बाई पिंपावर हात ठेवून उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाई, पाणी दिवसाआड येतं, तेही कधी येतं कधी नाही. रिकामं करून ठेवू नि पोरांना काय पाजू? पाणी देत नाही म्हणून आम्ही साठवायचं, आणि साठवलं म्हणून तुम्ही आम्हालाच बोलायचं?"

मी पत्रक घडी करून पिशवीत टाकलं. तो प्रश्न मला विचारायचाच नव्हता. तो ज्यांना विचारायचा, ते मला पुढे करून मागे बसले होते. एखाद्या घरात पाणी न देणं, मग त्या घराच्या पिंपात डास शोधणं, आणि सापडला की त्या घरालाच नोटीस देणं, याला जनजागृती म्हणतात. त्या दिवसापासून मी तो शब्द तोंडातून काढलेला नाही.

मित्राताईंनी मार्ग काढला. पिंपं रिकामी करता येत नाहीत ना, मग झाका. जुन्या सुती साड्या, धोतरं गोळा करायची, त्यांची इलास्टिक घातलेली झाकणं शिवायची. विहाराच्या सभागृहात चार शिलाई मशीन आल्या. आमच्या मंडळातल्या, एरवी हळदीकुंकवापलीकडे न जाणाऱ्या बायका रूळ ओलांडून आल्या. गावातल्या बायका आपापली लुगडी घेऊन आल्या. बुद्धमूर्तीसमोरच्या पांढऱ्या फरशीवर रंगीत सुती कापडाचे ढीग पडले. त्यात इंदुरी होतं, इरकली होतं, कुणाच्या तरी सासूचं मऊ पडलेलं हिरवं नऊवारी होतं. मशीनचा खडखडाट, चहा, हसणं. त्या हंगामातलं एवढंच एक आठवताना माझा जबडा घट्ट होत नाही.

पिंपं झाकली गेली. ताप मात्र हटेना. उलट एका ठरावीक पट्ट्यात वाढतच गेला. एका रविवारी सकाळी भोईर माझ्या दारात आले. आत बसा म्हटलं तर बसले नाहीत. "बाई, चला जरा. तुमाना काय तरी दाखवाचा हाय."

गावाच्या मागे पत्र्यांनी वेढलेली एक मोठी जागा होती. टॉवर होणार होता. पाया खणून झाला आणि मालकांमधे काही वाद लागला, काम थांबलं. दोन पत्र्यांमधल्या फटीतून आम्ही आत बघितलं. तळघरासाठी खणलेला प्रचंड खड्डा. त्यात पावसाचं पाणी. त्या पाण्यात निळं आभाळ, स्थिर. घाण नाही, वास नाही. वरून पाणी कसं नितळ दिसत होतं! फटीला डोळा लावून काठाचं पाणी नीट बघितल्यावर दिसलं, की अख्खा पृष्ठभाग वळवळतोय.

"ही माजी खाचरा," भोईर म्हणाले. "इथं भात व्हता. पानी तवा पन भरलेला असायचा. पन त्यान मासं असायचं, बेडूक असायचं. डासाला कोन जगून देत नव्हता."

मित्राताईंना बोलावून घेतलं, त्यांनी फटीतून फोटो काढले. दुसऱ्या दिवशी आम्ही साहेबांकडे गेलो. आता सल्ला होता आमच्याकडे, एका ओळीचा: तो खड्डा उपसा, किंवा त्यात औषध टाका, गप्पी मासे सोडा. साहेबांनी फोटो बघितले. म्हणाले, जागा खाजगी आहे, बांधकाम खात्याकडे जा. बांधकाम खातं म्हणालं, डासांचा विषय आरोग्याचा. परत आलो तर साहेब म्हणाले, वाद कोर्टात आहे, आम्हाला आत पाऊल टाकता येत नाही, हद्दीचा प्रश्न आहे. स्नेहल म्हणाली, "सर, मच्छरला पण सांगा ना हद्दीचं. तो रोज पत्र्यावरून येतो." या वेळी कुणी हसलं नाही. साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "तुम्ही पत्रकांचं काम छान करताय. तेच चालू ठेवा."

लोकांच्या घरात शिरायला, त्यांचे फ्रिज ओढायला, पिंपात बॅटरी मारायला कुणाची हद्द आड येत नव्हती. गरिबाच्या घराला उंबरठा नसतोच बहुधा. पत्र्याचं कुंपण मात्र कसं पवित्र!

त्यानंतरच्या आठवड्यात स्नेहलला ताप आला.

मी रोज संध्याकाळी जायचे. ती उशीवर पडून मोबाइलवर आमच्या गटाचे निरोप टाकायची, कुठल्या इमारतीत जायचं राहिलं ते सांगायची. मुलगी तिच्या पायाशी बसून बालवाडीची गाणी म्हणायची आणि स्नेहल डोळे मिटून चुकलेले शब्द दुरुस्त करायची. मग ताप उतरला. घरभर सुटकेचा श्वास. मी गेले तेव्हा ती वरणभात खात होती. म्हणाली, "बाई, सोमवारपासून येते मी. तुमच्याने टॉवरवाल्यांची दारं काय उघडणार नाहीत." हा ताप उतरतानाच दगा देतो. मला ते माहीत होतं, मी तिला पोट दुखतंय का विचारलं, ती नाही म्हणाली. दुसऱ्या सकाळी दुखू लागलं. हातपाय गार पडले. कल्याणच्या रुग्णालयात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी खरोखर जिवाचं रान केलं. पण शरीराच्या आत जे पाझरायला लागलं होतं ते थांबलं नाही.

तिला आणली तेव्हा गावातल्या बायका आणि चाळीतल्या बायका एकाच पायरीवर बसल्या होत्या. भोईर रडले नाहीत. ते अंगणात उभे होते, गावामागच्या पत्र्यांकडे तोंड करून.

पंधरवड्याने सल्लागार गटाची बैठक होती. साहेबांनी आढावा वाचला. आपल्या विभागात डेंग्यूने एकही मृत्यू नाही. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मित्राताई उठल्या. "साहेब, स्नेहल भोईर. या गटातच होती ती. इथे, या खुर्चीवर बसायची."

साहेबांचा आवाज हळू झाला. तो माणूस दुष्ट नव्हता, हे मला आजही म्हणावं लागतं, आणि त्याचाच अधिक संताप येतो. ते म्हणाले, "ताई, वाईट झालं. पण त्यांची तपासणी जलद किटवर झाली होती. ती आम्हाला ग्राह्य नाही. दाखल्यावर अनेक अवयव निकामी झाल्याचं कारण आहे. अशा केसला आम्ही संशयित म्हणतो."

संशयित! चोराला म्हणतात संशयित. इतक्या वर्षांनी भेटूनही मला बघताच उठून उभी राहणारी, जिन्याने दोन-दोन पायऱ्या चढणारी माझी पोर संशयित. तिच्या मरणावरही संशय. कशावर नाही? त्या नितळ पाण्याच्या खड्ड्यावर नाही. त्याच बैठकीत पुढे असं जाहीर झालं, की जनजागृतीबद्दल सर्व सहभागी संस्थांचा आरोग्य मेळाव्यात सत्कार होईल. शाल आणि श्रीफळ. मेळाव्याचे प्रायोजक कोण ते फलकावर मोठ्या अक्षरांत होतं. तो टॉवर बांधणाऱ्यांपैकीच एक नाव. खाली बारीक अक्षरांत आमची तिन्ही मंडळं, 'सल्लागार भागीदार' म्हणून.

भोईरांनी तो फलक वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाले, "माज्या घरान पंप हाय. भाताला पानी द्याचा. अजून चालतो."

मेळाव्याच्या दिवशी सकाळी आम्ही सत्काराला गेलो नाही. गावातून तीन जुने डिझेल पंप निघाले. चाळीतल्या पोरांनी पत्र्याची एक चौकट सरळ सोडवून बाजूला ठेवली, एकही पत्रा न वाकवता. मित्राताईंचं तसं बजावणं होतं. पाइप नाल्याच्या मोठ्या गटारात सोडले. पंप खोकत खोकत सुरू झाले आणि पाणी चढलं. आमच्या मंडळातल्या बायका छत्र्या घेऊन काठावर उभ्या राहिल्या. कुणी घोषणा दिल्या नाहीत. पंपांच्या आवाजात त्या ऐकूही गेल्या नसत्या.

आणि मग चमत्कार बघा. ज्या जागेत पाऊल टाकायला महिनाभर कुणाला हद्द सापडत नव्हती, तिथे तासाभरात सगळे हजर! पोलीस आले, बांधकाम खात्याचे आले, मालकाचा माणूस आला, आणि सत्काराचा बिल्ला छातीवर लावलेले आमचे साहेब आले. खड्डा उपसायला नाही. उपसणं थांबवायला.

"बाई, तुम्ही शिकलेल्या आहात," साहेब मला म्हणाले. "तुम्ही सल्लागार आहात. सल्ला द्या, कायदा हातात घेऊ नका."

मी काही म्हणायच्या आत मित्राताई म्हणाल्या, "सल्ला देऊन झाला, साहेब. आता पाणी काढतोय."

पंप बंद करायला लावले तेव्हा खड्डा निम्मा झाला होता. संध्याकाळी पेपरवाले आले. दुसऱ्या दिवशी खात्याचाच पंप आला, औषध आलं, गप्पी माशांच्या पिशव्या आल्या. उरलेलं पाणी दोन दिवसांत गेलं. म्हणजे येत होतं. सगळं येत होतं. फक्त स्नेहल असताना येत नव्हतं. दिवाळीच्या आधी त्या पट्ट्यातला ताप ओसरला. खात्याने सांगितलं, धूर फवारणीमुळे. सल्लागार गट बरखास्त झाला आणि आम्हा तिघांवर खाजगी जागेत घुसल्याचा खटला उभा राहिला.

गट बरखास्त झाला म्हणून आम्ही सुटे झालो असं मात्र नाही. विहार, गावदेवी मंडळ आणि आमचं महिला मंडळ, अजूनही महिन्यातून एकदा एकत्र बसतो. कुणी बोलावलं नाही, कुणी नेमलं नाही. बाळकुमच्या एका सोसायटीतून फोन येतो, टिटवाळ्याच्या नव्या इमारतींमधून बायका येतात, विचारतात, आमच्याकडेही असं आहे, काय करू? आम्ही सांगतो. तक्रार कुणाकडे करायची, मासे कुठून आणायचे, झाकण कसं शिवायचं. आणि दर वेळी पालिकेलाही लेखी कळवतो, न मागितलेला सल्ला. टिटवाळ्यातला एक खड्डा गेल्या वर्षी त्यांनी मुकाट्याने बुजवला. आमचं नाव न घेता. न घेऊ दे.

परवा खटल्याची तारीख होती. कल्याणच्या कोर्टाच्या ओसरीत आम्ही तिघं बाकावर बसलो होतो. भोईर आता काठी घेतात. मित्राताईंनी रजा टाकली होती. आमचे तरुण वकील हातात एक कागद घेऊन आले, खूश होते. म्हणाले, "काका, चांगली बातमी आहे. समोरची पार्टी मिटवायला तयार आहे. तुम्ही तिघांनी एक लेखी माफी द्यायची. चार ओळी. घुसलो, चूक झाली, पुन्हा होणार नाही. विषय संपला."

मी मित्राताईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. आम्ही दोघींनी भोईरांकडे बघितलं. त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरून सावकाश वाचला, आणि वकिलांना परत दिला.

"देतो माफी," ते म्हणाले. "मना कशाची लाज? पन आदी त्यातल्या कोनी तरी एकानं लिवून द्यावा, का माजी सून डेंग्यूनं गेली."

वकील म्हणाले, "काका, त्याचा या केसशी काही संबंध नाही."

भोईरांनी काठी उचलली. आतून आमच्या नावांचा पुकारा झाला. आम्ही तिघंही उठलो.